मनाचा पंचनामा करता येत नाही

(परळ येथील युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय घरात, वर्गात, मशिदीत कुठेच मोकळेपणानं बोलला जात नाही. मुलांचं लैंगिक शोषण रोखण्यासाठी आपल्याकडे कडक कायदे आहेत आणि ते असायलाच हवेत. प्रश्न आहे तो त्यांनी थांबायचं कुठे याचा. माणसानं केलेल्या कृत्यापाशी थांबायचं, की त्याच्या डोक्यात चाललेल्या विचारापर्यंत जायचं?

यावर मला दोन उत्तरं कायम ऐकायला मिळतात. पहिलं असं की मुलांचा मामला आला की बाकी सगळं बाजूला ठेवा, नुसता संशय आला तरी आत टाका. दुसरं असं की माझ्या मोबाइलमध्ये, माझ्या खोलीत मी काय बघतो ही माझी खासगी बाब आहे, मी कुणाला हात तर लावला नाही ना? मला ही दोन्ही उत्तरं चूक वाटतात. पहिल्यात निरपराध भरडला जातो. दुसऱ्यात मूल भरडलं जातं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कायद्यानं नजर मुलावर ठेवावी. एखाद्या खऱ्या मुलाला इजा झाली आहे का? होण्याचा खरा धोका आहे का? झालेल्या इजेचा कुणी वापर करतंय का? उत्तर 'हो' असेल तर 'खासगी' या शब्दाला तिथे जागा नाही. पण जिथे कुठलंच मूल नाही, फक्त एका माणसाच्या डोक्यातला अंधार आहे, तिथे पोलिसांचं काम नाही. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. कुणाचं, ते शेवटी बोलू.

उदाहरण आपण बसलोय त्याच भागातलं घेऊ. जयंत पवार हे गिरणगावचे लेखक. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर लालबाग-परळच्या चाळींचं काय झालं, बापाची नोकरी गेल्यावर पोरांचं काय झालं, हे त्यांनी कथांमधून आणि नाटकांमधून मांडलं. २०१२ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या कथेवर महेश मांजरेकरांनी 'नाय वरनभात लोन्चा, कोन नाय कोन्चा' हा चित्रपट केला आणि तो १४ जानेवारी २०२२ ला प्रदर्शित झाला.

त्याच्या ट्रेलरवरून वाद पेटला. अल्पवयीन पात्रांची आक्षेपार्ह दृश्यं दाखवल्याची तक्रार झाली. राष्ट्रीय महिला आयोगानं केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिलं. प्रकरण मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयात गेलं आणि त्याच्या आदेशावरून फेब्रुवारी २०२२ मध्ये माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. कलमं होती अश्लीलतेची, पॉक्सोची आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची. मांजरेकर उच्च न्यायालयात गेले.

तेव्हाची चर्चा आठवा. एक बाजू म्हणत होती, मराठी संस्कृती बुडाली. दुसरी म्हणत होती, कलेची गळचेपी झाली. दोघं तावातावानं भांडत होते, पण मला त्यात एक साधा प्रश्न फार थोड्या ठिकाणी दिसला: कॅमेऱ्यासमोर कुणी अल्पवयीन मुलं उभी होती का, आणि असतील तर त्यांची काळजी कुणी घेतली?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. पहिला असा की चाळीतल्या पोरांच्या आयुष्यात शिरलेली हिंसा आणि वासना लेखकानं कल्पावी का? जरूर कल्पावी. पवारांनी ती कागदावर लिहिली तेव्हा कुठल्याही मुलाला काही सोसावं लागलं नाही. कागदावरचं पोर शाईचं असतं. दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा. कॅमेऱ्याला शाईचं पोर चालत नाही, त्याला हाडामांसाचं लागतं. म्हणून तिथे कायद्याला प्रवेश आहे आणि असायलाच हवा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दर ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. त्या चित्रपटाच्या सेटवर काय झालं हे ठरवणं तपास यंत्रणेचं आणि न्यायालयाचं काम आहे. मी फक्त एवढंच म्हणतोय की प्रश्न मुलाचा असेल तर या नियमांपासून सुरुवात करा. संस्कृतीपासून सुरुवात केली की मूल हरवतं.

हे आज नव्यानं होत नाहीये. आपल्या शहराला याचा जुना अनुभव आहे. गिरगावात र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढायचे. १९२७ ला ते सुरू झालं. वाचक शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल प्रश्न विचारायचे आणि कर्वे शास्त्राला धरून उत्तरं द्यायचे. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. बाबासाहेब इथलेच, परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले, परळच्या दामोदर हॉलमध्ये कार्यालय थाटलेले. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. पण आज मागे वळून विचारा, त्या शिक्षेनं गिरगावातलं एक तरी मूल सुरक्षित झालं का? उलट झालं. ज्या मुलाला आपल्या अवयवांची नावं माहीत नाहीत, नको असलेला स्पर्श कसा सांगायचा ते माहीत नाही, ते मूल अत्याचार करणाऱ्यासाठी सगळ्यात सोपं सावज असतं. कर्व्यांचं मासिक हे मुलांच्या संरक्षणाचंच काम होतं. कायद्यानं त्यालाच घाण ठरवलं.

दुसरं उदाहरण आपल्या उर्दूतलं. इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ' कथेवर लाहोरच्या कोर्टात खटला चालला. त्या तेव्हा मुंबईत राहत होत्या आणि तारखेला लाहोरला जात होत्या. मंटोवरही त्याच काळात खटले चालू होते. 'लिहाफ' सांगते ती एक लहान मुलगी. मोठ्यांच्या त्या घरात ती घाबरलेली आहे, आणि तिच्याशी जे वागणं होतं त्याला आज आपण पॉक्सोच्या भाषेत नाव देऊ शकतो. पण खटला कशावर चालला? कथेत कुठले शब्द अश्लील आहेत यावर. तसा शब्द सापडेना म्हणून इस्मतआपा सुटल्या. त्या घाबरलेल्या मुलीकडे कायद्यानं बघितलंच नाही.

म्हणजे कायदा 'घाणेरड्या विचारा'च्या मागे धावतो तेव्हा मूल त्याच्या नजरेतून सुटतं. हा पहिला मुद्दा.

आता दुसऱ्या बाजूला येतो, कारण तिथेही आपल्याला सावध राहायला हवं. चेन्नईत एका तरुणाच्या मोबाइलमध्ये मुलांच्या शोषणाचे व्हिडिओ सापडले. ११ जानेवारी २०२४ ला मद्रास उच्च न्यायालयानं खटला रद्द केला. युक्तिवाद असा की त्यानं ते कुणाला पाठवले नाहीत, एकट्यानं बघितले, मग हा गुन्हा कसा? पुष्कळांना ते पटलं. 'विचारस्वातंत्र्य' हा शब्दही वापरला गेला. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठानं सांगितलं की असं साहित्य बाळगणं, ते न पुसणं, त्याची तक्रार न करणं आणि ते पुढे देण्याचा हेतू असणं, हे पॉक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतं. हेतू कृतीवरून आणि परिस्थितीवरून ताडता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये तर असं साहित्य शोधणं आणि डाउनलोड करणंही येतं. न्यायालयानं आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका, असं सांगितलं. पोर्नोग्राफी म्हटलं की मौजमजेचा, संमतीचा भास होतो. हे बालकांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आहे, त्याला तेच म्हणा.

मला हा निकाल बरोबर वाटतो. अशी फाइल म्हणजे विचार नव्हे. ती एका गुन्ह्याची वस्तू आहे. ती तयार होण्यासाठी कुठल्यातरी खोलीत एका मुलावर अत्याचार झाला आणि तो चित्रित केला गेला. चोरीचा माल घरात ठेवणारा 'मी चोरी केली नाही' म्हणाला म्हणून सुटत नाही. इथे चोरीला गेलंय ते एका मुलाचं शरीर आणि त्याचं उरलेलं आयुष्य. आपला व्हिडिओ कुठेतरी कुणीतरी बघत असेल, ही भीती घेऊन ते मूल मोठं होतं.

यावर एक चांगला प्रश्न विचारला जातो. मग पुस्तकांचं काय? आपल्या समाजातल्या तरुणांना हा प्रश्न जास्त टोचतो, कारण घरात सापडलेल्या पुस्तकावरून, पत्रकावरून, मोबाइलमधल्या एखाद्या भाषणावरून माणसं वर्षानुवर्षं आत राहिल्याचं आपण बघितलंय. व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा हे दोघे मुंबईकर जवळपास ५ वर्षं तुरुंगात होते. २८ जुलै २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला आणि सांगितलं की केवळ काही साहित्य जवळ सापडणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. या निकालाचं आपण स्वागत केलं. मग कुणी विचारेल, पुस्तक बाळगलं तर गुन्हा नाही आणि व्हिडिओ बाळगला तर गुन्हा, हा दुटप्पीपणा नाही का?

नाही. पुस्तक कितीही भडक असो, ते छापताना कुणाच्या अंगावर वळ उठत नाहीत. हा व्हिडिओ वळ उठवूनच तयार होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही हाच फरक केला. १९६९ मध्ये ते म्हणालं की माणसानं आपल्या घरात अश्लील चित्रफिती बघितल्या म्हणून सरकारनं त्याच्या मनाचा ताबा घेऊ नये. १९९० मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की मुलांच्या शोषणाची छायाचित्रं घरात बाळगणं मात्र गुन्हा ठरवता येतो, कारण तिथे प्रश्न बघणाऱ्याच्या मनाचा नाही, चित्रातल्या मुलाचा आहे.

म्हणून सांगतो, आपल्यापैकी कुणी 'विचाराला शिक्षा नको' असं म्हणत असेल, तर त्यानं हा फरक तोंडपाठ करावा. नाहीतर आपलं न्याय्य म्हणणं भलत्याच माणसाच्या कामी येईल.

आता थोडं माझ्या कामाच्या क्षेत्राबद्दल, कारण हे साहित्य पकडलं कसं जातं याविषयी गैरसमज फार आहेत. कंपनी आपले सगळे फोटो बघत बसते, असं लोकांना वाटतं. मुख्य पद्धत वेगळी आहे. तपास यंत्रणांच्या हाती आधीच लागलेल्या प्रत्येक चित्राचा एक गणिती ठसा काढला जातो. त्याला हॅश म्हणतात. बोटाच्या ठशासारखा. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमाउथ कॉलेजचे प्रा. हॅनी फरीद यांनी 'फोटोडीएनए' हे तंत्र आणलं. चित्र थोडं लहानमोठं केलं, रंग बदलला, तरी ठसा जुळतो. ठसा जुळला की कंपनी अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेला कळवते. २०१९ च्या करारानंतर तिथून माहिती आपल्या एनसीआरबीकडे येते आणि पुढे राज्याच्या सायबर पोलिसांकडे. या पद्धतीत तुमच्या मनात काय आहे हे कुणी विचारत नाही. ज्ञात गुन्ह्याची ज्ञात वस्तू तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारलं जातं.

दुसरी पद्धत आहे अंदाजाची. तिथे संगणक आधी न पाहिलेलं चित्र बघून ठरवतो की हे संशयास्पद आहे की नाही. २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अमेरिकेतल्या एका बापाची हकिगत छापली. लहान मुलाला सूज आली होती, डॉक्टरांना दाखवायला त्यानं फोटो काढला. गुगलच्या यंत्रणेनं तो गुन्हा समजला आणि त्याचं खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. ॲपलनं ऑगस्ट २०२१ मध्ये आयफोनमध्येच फोटो तपासण्याची योजना जाहीर केली. ती ठसे जुळवण्याचीच होती, पण प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये एकदा तपासनीस बसवला की उद्या कुठलं सरकार त्याला काय शोधायला सांगेल याचा भरवसा नाही, असं तज्ज्ञ म्हणाले. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलनं ती योजना सोडून दिली. यंत्राचा अंदाज तपासाची सुरुवात असू शकतो. तो पुरावा नव्हे, आणि माणसाच्या मनाचा एक्स-रे तर मुळीच नव्हे.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या चित्रांचं काय? तिथे तर खरं मूल नसतं, असं म्हटलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पॉक्सोच्या व्याख्येत खऱ्या मुलापासून वेगळं ओळखता न येणारं संगणकीय चित्रही येतं. इथे मी कायद्याच्या बाजूनं आहे. एक तर अशा चित्रांत शेजारच्या मुलीचा शाळेच्या गॅदरिंगमधला चेहरा सहज चिकटवला जातो. दुसरं म्हणजे खोट्याचा ढीग वाढला की त्यात पुरलेलं खरं मूल शोधणं अवघड होतं. पण याच कायद्यांचं एक टोक मला अस्वस्थ करतं. कलम ६७ब मध्ये 'मजकूर' हा शब्दही आहे. कला, साहित्य, विज्ञान यांच्यासाठी अपवाद ठेवलाय, पण तो सिद्ध करेपर्यंत लेखकाच्या चपला कोर्टात झिजतात. अमेरिकेत ओहायो राज्यात २००१ मध्ये एका तरुणाला त्याच्या खासगी डायरीबद्दल तुरुंगवास झाला. डायरीतला मजकूर किळसवाणा होता. पण मुलं काल्पनिक होती आणि त्यानं तो कुणाला दाखवला नव्हता. पुढे अपिलात ती शिक्षा टिकली नाही. टिकायला नकोच होती. डायरीसाठी तुरुंग, ही सुरुवात मान्य केली तर शेवट कुठे होईल हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

आता आपल्या दीनची बाजू. तुमच्यापैकी काही जण म्हणतील, इस्लाममध्ये तर सगळं नीयतीवर आहे. बरोबर, पण नीयतीचा हिशेब कोण घेतो? बुखारी आणि मुस्लिम दोन्हीकडे हदीस आहे. तिचा आशय असा की मनात येणारे वसवसे अल्लाहनं या उम्मतला माफ केले आहेत, जोवर माणूस ते बोलत किंवा करत नाही. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत संशयाच्या आणि पाळत ठेवण्याच्या विरोधात स्पष्ट ताकीद आहे. हजरत उमर यांची रिवायत सांगितली जाते, भिंत चढून आत गेले आणि दारू पिणाऱ्याला पकडलं. तो म्हणाला, माझी चूक एक, तुमच्या तीन: पाळत ठेवली, दारानं आला नाहीत, सलाम केला नाही. खलीफा मुकाट्यानं परत फिरले. काझी उघड गोष्टींवर निवाडा करतो, दिलाचा निवाडा वर होतो.

आपलं राज्यघटनेखालचं न्यायालयही नीयत बघतं, पण कृत्याला जोडलेली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं की त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नाही, म्हणून पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. मुलाला हात लागला, तो लैंगिक हेतूनं लागला, मध्ये कापड होतं की नव्हतं हा प्रश्नच नाही. कृत्य घडलं की मग नीयत विचारा. कृत्याशिवाय नुसती नीयत पकडायला निघालात तर कुणालाही पकडता येईल.

पण हेच पांघरूण आपण घरातल्या गुन्ह्यावर घालतो, हेही आज बोलायलाच हवं. दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही शिकवण माणसाच्या स्वतःपुरत्या गुनाहसाठी आहे. तिसऱ्यावर झालेल्या जुलमासाठी नाही. मामानं, शेजाऱ्यानं, शिकवायला येणाऱ्या उस्तादानं मुलाला हात लावला आणि घरचे म्हणाले, 'इज्जत जाईल, परदा टाका', तर तो परदा जालिमावर पडतो आणि मूल उघड्यावर राहतं. एनसीआरबीचे वार्षिक आकडे बघा. पॉक्सोखालच्या अत्याचाराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकानं ती पोलिसांना द्यायची असते. जमातीची बैठक भरवून मिटवून टाकणं हा त्याला पर्याय नाही.

आणि आपला मोबाइल. २०१८ मध्ये कठुआच्या मुलीबद्दल आपण सगळे रस्त्यावर आलो, ते योग्यच होतं. पण तिचं नाव आणि फोटो आपण हजारो वेळा फिरवला. पॉक्सोचं कलम २३ ते मना करतं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्या प्रकरणात ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. आपली नीयत चांगली होती. कृत्य मात्र त्या मुलीवर आणखी एक अन्याय करणारं होतं. ग्रुपवर मुलाच्या अत्याचाराचा व्हिडिओ आला आणि खाली लिहिलं असेल की 'इतका पसरवा की गुन्हेगार पकडला जाईल', तरीही तो पुढे पाठवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, नाव न देताही करता येते. मग फोनमधून काढून टाका.

आता सुरुवातीला उधार ठेवलेला प्रश्न. एखाद्या माणसाच्या मनात मुलांबद्दल असे विचार येतात. त्यानं काहीही केलेलं नाही. काही बघितलेलं नाही. तो स्वतःला घाबरलाय. त्याचं काय करायचं?

आपलं पहिलं मन म्हणतं, त्याला ठेचा. मलाही ते मन समजतं, मीही माणूसच आहे. पण थंड डोक्यानं बघा. विचार हाच गुन्हा ठरवला तर तो माणूस कुणाकडे जाईल? डॉक्टरकडे नाही, मित्राकडे नाही, इमामाकडे नाही. तो एकटा राहील, आणि एकटेपणात त्याची नजर कधीतरी एखाद्या खऱ्या मुलाकडे वळेल. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात २००५ पासून अशा लोकांसाठी गोपनीय उपचार सुरू आहेत. त्यांच्याच सहकार्यानं पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमध्येही असं प्रतिबंधाचं काम उभं राहिलं. हे पुण्याचं केईएम, इथलं परळचं नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाच्या गोपनीयतेला संरक्षण दिलंय. पण त्याला मर्यादा आहेत. एखाद्या मुलाला खरा धोका आहे असं दिसलं की गोपनीयता संपते आणि मूल पहिलं येतं.

तेव्हा अशा मनापाशी जाण्याचं काम डॉक्टरचं आहे, समुपदेशकाचं आहे, आणि त्या माणसाला दार उघडं ठेवणाऱ्या समाजाचं आहे. यात त्याच्यावर दया करण्याचा भाग थोडा आहे. मुख्य हिशेब मुलाचा आहे. जो माणूस वेळेवर डॉक्टरपर्यंत पोहोचला, त्याच्यामुळे कुठलं मूल वाचलं हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्या मुलाचा गुन्हा नोंदला जात नाही, खटला उभा राहत नाही, पेपरात बातमी येत नाही. ते शाळेत जातं, घरी येतं, एवढंच.

१०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. घरी गेल्यावर तो भाच्या-पुतण्यांना पाठ करून द्या, आणि त्यांनी काही सांगितलं तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.